आमांतानी बेटावर केचुआ कुटुंबात राहायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पेरूला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी लिमा, कुस्को आणि माचू पिचू करून परत फिरतात. त्याहून पुढे जाणारे पुनो या सरोवराकाठच्या शहरात येतात, टिटिकाका सरोवरात अर्ध्या दिवसाची बोट घेतात, उरोसच्या तरंगत्या बेटांवर फोटो काढतात आणि रात्री पुन्हा हॉटेलात. त्याच सरोवरात, बोटीने साडेतीन-चार तासांवर, आमांतानी हे बेट आहे. आमांतानी आणि शेजारचं ताकिले मिळून पुनो प्रांतातला एक जिल्हा होतो. (पेरूतला जिल्हा आपल्या जिल्ह्याएवढा मोठा नसतो, काही गावांचा मिळून असतो.) दोन्ही बेटांवर घरात, शेतात, सभेत केचुआ ही अँडीज पर्वतातल्या मूळ रहिवाशांची भाषा बोलली जाते. गाड्या नाहीत, एटीएम नाही, आणि राहायचं ते लोकांच्या घरी.

मी जायच्या आधी मराठीत याबद्दल शोधलं तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. इंग्रजीत भरपूर आहे, पण पिवळ्या तापाचं कार्ड मुंबई विमानतळावर का लागतं, शाकाहारी माणसाने काय सांगायचं, हे त्यात नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण बाकी सगळं त्यांच्याभोवती फिरतं: उंचीची सवय झाल्याशिवाय बेटावर जाऊ नका, आणि एका रात्रीसाठी जाऊ नका, दोन रात्री द्या.

१. कागदपत्रं

पेरूच्या व्हिसाबाबत भारतीयांना एक मोठी सवलत आहे. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. २०१७ पासून हा नियम आहे.

फसगत होते ती पुढच्या अटीत. पेरूत शिरताना त्या व्हिसाची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असलेल्यांना चिंता नाही. पण युरोपच्या सहलीसाठी मिळालेला वीस-पंचवीस दिवसांचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आणि पुष्कळ जण त्याच भरवशावर तिकीट काढून बसतात. तसं असेल तर सरळ नवी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे व्हिसासाठी अर्ज करा. सवलतीत बसत असाल तरी तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून ताजा नियम विचारून घ्या.

मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. युरोपमार्गे जाणार असाल तर हे तपासा की काही युरोपीय देश नुसतं विमान बदलायलाही भारतीयांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात. अमेरिकेतून जायचं तर विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो.

सोबत काय हवं:

- पासपोर्ट (मुदत किमान सहा महिने) आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- पेरूचा व्हिसा, किंवा सवलत देणारा दुसऱ्या देशाचा व्हिसा
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, छापील
- प्रवास विमा. पॉलिसीत ४,००० मीटरच्या वरची उंची आणि तातडीने हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचून घ्या
- पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड

२. पिवळ्या तापाची लस

याला वेगळा मथळा दिला आहे, कारण लोक नेमकं हेच सोडून देतात. पुनोच्या पठारावर पिवळा ताप नाही, तो पेरूच्या जंगलाच्या बाजूला आहे. त्यामुळे "मी तर डोंगरात चाललेय, मला कशाला लस?" असं वाटणं साहजिक आहे. पण भारत सरकारच्या यादीत पेरू हा आख्खा देश पिवळ्या तापाचा म्हणून धरला आहे. तिथून परतताना मुंबईत किंवा दिल्लीत तुमच्याकडे वैध कार्ड नसेल तर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. तुम्ही देशात कुठे फिरलात हा प्रश्नच येत नाही.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं आणि तारीख पटकन मिळेलच असं नाही. टोचल्यापासून दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, आणि मग आयुष्यभर चालतं. म्हणून निघायच्या दीड-दोन महिने आधी हे काम उरकून टाका. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

३. उंची: घाई इथे करू नका

टिटिकाका सरोवराची पातळी ३,८१२ मीटर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेह साधारण ३,५०० मीटर. म्हणजे बोटीत बसल्या बसल्याच तुम्ही लेहच्या वर असता, आणि बेटावरचं घर पाण्यापासून आणखी शंभर-दोनशे मीटर चढून. इथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो.

सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्यांना मला हे मुद्दाम सांगायचंय: दम आणि पायातली ताकद याचा उंची लागण्याशी फार संबंध नाही. धडधाकट तरुण आडवे होतात आणि साठीच्या बाई निवांत फिरतात, असं सर्रास होतं. शरीराला वेळ द्यावा लागतो, दुसरा इलाज नाही.

लिमाहून हुलियाकाला विमान आहे आणि हुलियाका ते पुनो साधारण ४५ किलोमीटर. (तिकिटावर हे नाव 'J' या अक्षराने सुरू होतं, पण बोलताना 'जुलियाका' म्हणालात तर घोटाळा होईल.) हे सगळ्यात सोपं दिसतं आणि म्हणूनच सगळे तेच करतात. पण त्यात तुम्ही समुद्रसपाटीवरून दीड-दोन तासांत थेट ३,८०० मीटरवर जाऊन पडता. पहिली रात्र डोकं धरून जाते, दुसऱ्या दिवशी बोट असते, आणि ज्यासाठी एवढे पैसे मोडले ते बेट ओकाऱ्यांत निघून जातं.

त्यापेक्षा या दोनपैकी एक वाट धरा:

*आरेकिपामार्गे.* आरेकिपा २,३३५ मीटरवर आहे. तिथे दोन-तीन दिवस राहा, शहर सुंदर आहे, वेळ वाया जात नाही. मग बसने पुनो, सहा तासांच्या आसपास. वाटेत रस्ता ४,००० मीटरच्या बराच वर जातो, त्यामुळे बसमध्ये थोडं जड वाटलं तर घाबरू नका.

*कुस्कोमार्गे.* माचू पिचू आधी करायचं असेल तर ही वाट आपोआप जुळते. कुस्को ३,४०० मीटर. तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस खालच्या उरुबांबा खोऱ्यात काढा आणि मग वर या. कुस्को ते पुनो बस सहा-सात तास घेते आणि ला राया नावाची ४,३०० मीटरच्या वरची खिंड ओलांडते.

कुठल्याही वाटेने आलात तरी पुनोत एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री काढल्याशिवाय बोटीत बसू नका. हे मी एवढं ठासून का सांगते? उंचीचा त्रास वाढला की पहिला उपाय असतो खाली उतरणं, आणि बेटावरून खाली उतरायला जागाच नाही. सरोवर हीच तिथली सगळ्यात खालची पातळी. तिथून निघायचं म्हणजे आधी काही तास बोट, मग पुनो, आणि आरेकिपाकडे उतरायचं तर आधी आणखी उंच खिंड. झटपट खाली नेणारा मार्ग म्हणजे हुलियाकाहून लिमाचं विमान. म्हणून ज्याचं डोकं पुनोत दुखतंय त्याने पुनोतच थांबावं. तिथे दवाखाने आणि ऑक्सिजन आहे.

साधं डोकं दुखणं, भूक मरणं, झोप तुटणं हे चालायचंच. बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ थुंकीचा खोकला, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. डायमॉक्स ही गोळी बरेच जण घेतात, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी जपायला हवं. आपल्या डॉक्टरांना विचारून, डोस लिहून घेऊनच न्या. दारू पहिले तीन-चार दिवस पूर्ण बंद.

कोकाच्या पानांचा चहा तुम्हाला हॉटेलात, बसमध्ये, घरात, सगळीकडे मिळेल. पेरूत तो कायदेशीर आहे, लोक रोज पितात, बिनधास्त प्या. मात्र त्याची एकही पुडी बॅगेत राहू देऊ नका. त्याबद्दल शेवटी पुन्हा सांगते.

४. कधी जावं

मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, डिसेंबर ते मार्च पाऊस. जून-जुलैत आकाश काचेसारखं स्वच्छ असतं पण रात्री पारा शून्याखाली जातो. थंडी सोसत नसेल तर मे किंवा सप्टेंबर निवडा. जानेवारीत बेटावरचा मोठा सण असतो, तो बघायचा तर पावसाची तयारी ठेवून जा.

आणखी एक: पुनो भागात संप आणि रास्ता रोको होतात. २०२३ च्या सुरुवातीला इथले रस्ते कित्येक आठवडे बंद होते, आणि ९ जानेवारी २०२३ ला हुलियाकाच्या विमानतळाजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत डझनभराहून अधिक माणसं मेली. मेलेले बहुतेक या पठारावरचेच केचुआ आणि आयमारा लोक होते. ही जखम ताजी आहे. बातम्यांत 'पारो' हा शब्द दिसला की समजा संप आहे आणि बस चालणार नाही. घरमालकांशी या विषयावर बोलायचं तर त्यांनी काढला तरच, आणि ऐकायच्या तयारीने.

५. पुनोतला दिवस: पैसे, बाजार, बोटीची चौकशी

बेटावर सगळा व्यवहार रोख आणि सोल या पेरूच्या चलनात. पुनोत हिरोन लिमा या मुख्य रस्त्यावर एटीएम आहेत, तिथेच काढून घ्या. दहा आणि वीसच्या नोटा आणि नाणी जास्त ठेवा. शंभरची नोट बेटावर कुणी मोडून देऊ शकत नाही. डॉलर नेणार असाल तर एकही कोपरा फाटलेला नको, फाटकी नोट कुणी घेत नाही. हॉटेलात पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद दाखवली की परदेशी पर्यटकांना १८ टक्के कर माफ असतो, बिल देताना आठवण करा.

मग बाजारात जा आणि घरच्यांसाठी सामान घ्या. तांदूळ, साखर, तेल, आणि मुख्य म्हणजे फळं. संत्री, केळी, पपई हे बेटावर पिकत नाही, सगळं बोटीने येतं. मुलांसाठी वह्या, पेन्सिली. चॉकलेटं आणि गोळ्या नेऊ नका. दाताचा डॉक्टर बेटावर कुठून यायचा, आणि त्यामुळे मुलं प्रत्येक पाहुण्याकडे हात पसरायला शिकतात. सामान घरच्या बाईंच्या हाती द्यायचं, मुलांना परस्पर वाटायचं नाही.

त्याच संध्याकाळी बंदरावर जाऊन बोटीची चौकशी करा. इथे दोन पर्याय आहेत.

पहिला, एजन्सीची दोन दिवसांची सहल: उरोस, आमांतानीत एक रात्र, दुसऱ्या दिवशी ताकिले, संध्याकाळी पुनो. सगळं आयतं, पण धावपळ. आणि तुम्ही दिलेल्या पैशातला किती वाटा घरापर्यंत पोहोचला हे तुम्हाला कळत नाही. दुसरा, बेटावरच्या लोकांच्या सामायिक बोटी. बंदरावर खिडकी आहे, तिथे नुसतं बोटीचं तिकीट मिळतं, आणि राहण्याजेवण्याचे पैसे तुम्ही घरातच देता. माझं मत स्पष्ट आहे: दुसरा पर्याय घ्या. स्पॅनिश येत नसली तरी जमतं.

तिकीट काढताना एवढं विचारून ठेवा: उद्या किती वाजता सुटणार, परतीची बोट रोज आहे का आणि किती वाजता, तेच तिकीट दोन रात्रींनंतर चालेल का, ताकिलेला थांबणार का. बंदराबाहेर अंगावर येणारे दलाल 'आज खिडकी बंद आहे' म्हणतील. खिडकीपर्यंत चालत जा आणि स्वतः बघा.

बॅगेत काय असावं:

- उबदार जॅकेट, लोकरी टोपी, हातमोजे, थर्मल. खोल्यांत हीटर नसतो
- सनस्क्रीन, लिप बाम, गॉगल, मोठ्या काठाची टोपी. ऊन गरम लागत नाही पण चामडी सोलवटते
- डोक्यावर बांधायची विजेरी. वीज सौर पॅनेलवर आहे, दिवा लागतो एवढंच धरून चला
- पॉवर बँक
- टॉयलेट पेपर, ओले टिश्यू
- पिण्याचं पाणी किंवा पाणी शुद्ध करायच्या गोळ्या
- ओआरएस, डोकेदुखी आणि पोटाची औषधं
- कचऱ्यासाठी पिशवी. तुमचं प्लास्टिक तुम्हीच परत आणायचं

मोठी सुटकेस पुनोच्या हॉटेलात ठेवून द्या. पाठीवर मावेल तेवढंच न्या, कारण धक्क्यावरून घरापर्यंत चढण आहे.

६. बोट

बोटी सकाळी आठच्या सुमारास सुटतात. पासपोर्ट जवळ ठेवा, प्रवाशांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक यादीत लिहून घेतात. पहिला तासभर तोतोरा नावाच्या लव्हाळ्यांतून वाट असते, मग सरोवर उघडतं. त्यानंतर लाटा असतात. गाडी लागणाऱ्यांनी आधीच गोळी घ्यावी आणि मागच्या बाजूला बसावं. छपरावर बसायला सगळ्यांना आवडतं, पण लाइफ जॅकेट घालूनच, आणि तासाभराहून जास्त नको. उन्हाने चेहरा भाजतो.

वारा जोराचा असेल तर बंदराचे अधिकारी वाहतूक बंद करतात. मग बेटावरून निघता येत नाही. त्यामुळे परतीच्या दिवसाला लागून विमान किंवा पुढची बस कधीही ठेवू नका. मध्ये एक दिवस मोकळा हवाच.

७. घर मिळतं कसं

आमांतानीत दहा वस्त्या आहेत: ओक्कोसुयो, इंकातियाना, सांकायुनी, कोल्केकाची, सांता रोसा वगैरे. पाहुणे कुणाच्या घरी जायचे हे वस्तीवस्तीत पाळीने ठरतं. बोट लागते तेव्हा धक्क्यावर घरच्या बाया उभ्या असतात. भरतकाम केलेला पांढरा पोलका, घेरदार झगा आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेलं काळं वस्त्र, त्याच्या काठावर रंगीत फुलं. पुष्कळींच्या हातात चाती असते, उभ्या उभ्या लोकर कातणं चालू. बोटवाला नावं वाचतो, तुमची यजमानीण पुढे येते आणि तुम्ही तिच्यामागे चालू लागता. ती झपाझप चढेल. तुम्ही हळूच चढा. ती थांबते, तिला सवय आहे.

इथे घर पसंत-नापसंत करत बसू नका. 'याहून चांगली खोली आहे का' म्हणून दुसरीकडे गेलात तर जिची पाळी आहे तिची कमाई बुडते आणि पुन्हा पाळी यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. काही कुटुंबांशी फोनवर आधीच ठरवता येतं, पण मला पाळीची पद्धत जास्त पटते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, इंग्रजी येणारं पोर नाही, त्यांच्याही घरी पाहुणा पोहोचतो.

खोली बहुधा मातीच्या विटांची, खाट, आणि त्यावर एकावर एक जड लोकरी घोंगड्या. संडास अंगणात, बादलीने पाणी टाकायचं. गरम पाण्याची आंघोळ धरूनच चालू नका. बेटावर पाणी झऱ्यांचं आणि कोरड्या महिन्यांत ते जपून वापरतात. दोन दिवस आंघोळ राहिली तर काही बिघडत नाही. रात्री बाहेर पडताना विजेरी घ्या आणि क्षणभर वर बघा.

पैसे कधी द्यायचे? आल्यावर एका माणसाचे एका रात्रीचे किती, त्यात जेवणं किती, हे बोलून घ्या आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी थेट यजमानिणीच्या हातात द्या. घासाघीस करू नका.

८. बोलायचं कसं

बहुतेकांना स्पॅनिश येते, म्हाताऱ्या बायांना कमी. पण केचुआतले चार शब्द घरात शिरताना बोललात तर चेहरे खुलतात. भेटल्यावर 'अयियांचू', म्हणजे बरं आहे ना. उत्तर 'अयियानमी'. आभार मानायला 'सुल्पायकी'. हो 'आरी', नाही 'मानान'. निरोप घेताना 'तुपानानचिसकामा'. वडीलधाऱ्या बाईंना 'मामाय', पुरुषांना 'तायताय' म्हणा, नुसत्या नावाने हाक मारू नका.

पेरूत केचुआला १९७५ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी शहरात ती बोलल्यामुळे अपमान सोसलेली माणसं तुम्हाला इथे भेटतील. म्हणून पाहुण्याने ती बोलायचा प्रयत्न केला याचं त्यांना मोल वाटतं. गूगलच्या भाषांतरात २०२२ पासून केचुआ आहे, पण बेटावर नेटचा भरवसा नाही. स्पॅनिश मात्र पुनोतच डाउनलोड करून ठेवा.

फोटो काढण्याआधी विचारायचं, दर वेळी. लहान मुलांचा असेल तर आईला.

९. जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

शाकाहारी मराठी माणसाला पेरूतल्या कुठल्याही शहरापेक्षा आमांतानीत जास्त सुखाने जेवता येतं. दुपारी किनोआचं सूप, मग उकडलेले बटाटे, ओका नावाचं गोडसर कंद, तव्यावर तळलेल्या चीझचा जाड तुकडा, कधी पावटा म्हणावा तशा मोठ्या शेंगांचे दाणे. मांस इथे रोजचं नाही.

तरी स्पष्ट सांगा. नुसतं 'वेखेतारियाना' म्हटलं तर काही जण कोंबडी किंवा सरोवरातला मासा वाढतात, कारण त्यांच्या हिशेबी ते मांसात येत नाही. असं म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो.' मांस नको, कोंबडी नको, मासा नको. अंडं चालत नसेल तर 'सिन वेवो' जोडा. हे पहिल्या जेवणाआधी सांगायचं, ताट पुढे आल्यावर नव्हे. जैन आहार पाळणाऱ्यांनी मात्र आपलं कोरडं अन्न न्यावं. इथल्या जेवणातून बटाटा काढला तर ताटात काही उरत नाही.

बटाट्यावर थोडं थांबते. आपण एकादशीला जो बटाटा खातो तो मूळचा अँडीजचा, आणि माणसाने तो पहिल्यांदा शेतात लावला तो दक्षिण पेरूच्या याच टापूत. आमांतानीच्या एका घरात एका जेवणात तुम्हाला चार जातींचे बटाटे दिसतील: जांभळे, पिवळे, गाठीगाठींचे. जूनच्या कडाक्यात ते रात्री गवतावर पसरून गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात, वाळवतात. तो झाला चून्यो. काळपट, खड्यासारखा पण हलका, वर्षानुवर्षं टिकतो. चव पहिल्या घासाला ओळखीची वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सूपमध्ये खाऊन बघा, चीझबरोबर.

स्वयंपाकघरात बसायला मिळालं तर नक्की बसा. मी ज्या घरी होते तिथे मातीची बुटकी चूल, त्यात निलगिरीच्या काटक्या, धूर छपराच्या फटीतून बाहेर. यजमानीण जमिनीवर मेंढीच्या कातड्यावर बसून एका हाताने बटाटा सोलायची आणि दुसऱ्या हाताने जाळ सारखा करायची. कोपऱ्यात गिनिपिग चुकचुकत फिरतात, ते सणाच्या जेवणासाठी पाळलेले, दचकू नका. जेवण झालं की मून्याचा चहा. ही डोंगरातली पुदिन्याच्या वासाची वनस्पती, पोटाला आणि उंचीला बरी मानतात. सोलायला मदत करू का, असं विचारलंत तर सुरी हातात मिळेल. आधी थोडा संकोच, मग सगळे हसतात, आणि मग गप्पा सुरू होतात.

१०. दोन दिवस काय करायचं

बेटावर दोन शिखरं आहेत, पाचाताता आणि पाचामामा, दोन्ही ४,१०० मीटरच्या आसपास. प्रत्येकावर जुनं दगडी देवस्थान. त्यांची दारं एरवी बंद असतात आणि जानेवारीतल्या सणाला उघडतात. त्या दिवशी बेटाचे दोन भाग दोन शिखरांकडून येतात, शर्यत लागते, आणि पाचामामाची बाजू जिंकली तर पीक चांगलं येतं असं मानतात. एरवी लोक देवस्थानाच्या भिंतीबाहेरून तीन फेऱ्या घालतात. भिंतीवर चढू नका, दगड काढू नका.

बहुतेक पाहुणे पहिल्याच संध्याकाळी सूर्यास्ताला वर जातात. सवय झाली असेल तरच जा, नाहीतर दुसऱ्या दिवसावर ढकला. दोन रात्रींचा फायदा इथेच कळतो. पहिल्या दिवशी जेवा, निजा, घराभोवतीच्या बांधांवर हिंडा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने एका रात्रीचे पाहुणे निघून गेले की बेट शांत होतं आणि लोक आपल्या कामाला लागतात. त्या दिवशी शेतावर सोबत येऊ का विचारा. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, ट्रॅक्टर नाही, बैलही क्वचित. चाकीताक्या या पायाने दाबायच्या नांगराने दोन पुरुष ढेकूळ उलटतात आणि समोर बसलेली बाई ते हाताने बाजूला करते. तुम्ही तासभर केलंत तर दम लागेल, पण हाकलणार कुणी नाही.

संध्याकाळी सभागृहात नाच असेल तर यजमानीण तिचे कपडे तुम्हाला तुमच्याच कपड्यांवर चढवेल, पट्टा करकचून बांधेल. नाचताना दोन गाण्यांत बसून घ्या. ४,००० मीटरवर लवकर धाप लागते, आणि सिकू या नळ्यांच्या बासरीवरची गाणी लांबलचक असतात.

११. ताकिले

परतीच्या वाटेवर ताकिले घ्या, आमांतानीहून बोटीने तासभर. एका बंदरावरून वर जायला पाचशेहून जास्त दगडी पायऱ्या आहेत, दुसऱ्या बाजूने वाट जरा सौम्य आहे. शक्य तर सौम्य बाजूने चढा आणि पायऱ्यांनी उतरा. इथलं विणकाम युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलं आणि २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. टोप्या पुरुष विणतात, चालता चालता, बारीक सुयांवर, आणि टोपीच्या रंगावरून लग्न झालंय की नाही ते कळतं. पट्टे बायका जमिनीवरच्या मागावर विणतात. खरेदी चौकातल्या सामायिक दुकानातून करा. किमती ठरलेल्या असतात आणि प्रत्येक वस्तूवर विणणाऱ्याची खूण असते. महाग वाटेल. एका पट्ट्याला काही आठवडे लागतात, हे समोर विणताना पाहिलं की किंमत पटते.

१२. परत निघताना

पुनोत पोहोचलात की बॅग पूर्ण रिकामी करा आणि एकेक खिसा तपासा. कोकाचं पान, कोकाच्या चहाची पुडी, कोकाच्या गोळ्या, काहीही सापडलं तर तिथेच टाका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. 'तिथे कायदेशीर होतं' हे मुंबईत कुणी ऐकून घेत नाही. वाटेत अमेरिकेत विमान बदलत असाल तर तिथेही तेच. बस किंवा हॉटेलवाला प्रेमाने दोन पुड्या हातात ठेवतो आणि त्या जॅकेटच्या आतल्या खिशात राहून जातात, म्हणून जॅकेटही झटका.

पिवळ्या तापाचं कार्ड मात्र चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. ते पासपोर्टच्या कव्हरमध्ये, हाताशी ठेवा. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचा काउंटर लागतो, तिथे ते दाखवायचं असतं.